चासी नंबर

मागच्या खोलीत, किसुमूच्या उकाड्यात,
अकेयोनं जेवणाच्या टेबलावर संगणक जुळवला.
आठ महिने लागले भाग जमवायला.
पेटी आली नैरोबीहून, रात्रीच्या बसच्या टपावरून.
मेमरीच्या दोन पट्ट्या मैत्रिणीच्या भावाकडून, उधारीवर.
मदरबोर्ड तेवढा कोरा, खोक्यातला,
नव्या चपलेसारखा वास येणारा.

बटण दाबलं. पंखे फिरले. विंडोज चढलं.
पडदा उजळला, पण सगळं जाडंभरडं,
अक्षरांच्या नुसत्या कण्या.
आवाज नाही, नेट नाही.
यादीत पाच पिवळे त्रिकोण, पाचांपुढं एकच नाव:
अनोळखी उपकरण.
घरात येऊन बसलेत पाच पाहुणे
आणि ओळख करून देणारा अजून वाटेतच.

खोक्यात तबकडी होती.
तबकडी वाचायचं यंत्र आता कोण बसवतं?
नेटचा ड्रायव्हर नेटवर ठेवलेला,
म्हणजे किल्ली आत राहिली
आणि आपणच दार ओढून घेतलं.

तिनं फोन वायरीनं जोडला.
शंभर शिलिंगांचा डेटा टाकला,
बोर्डाचं नाव शोधलं, उतरवायला घेतलं.
साडेचारशे एमबी.
मध्येच वीज गेली.
आली. पुन्हा पहिल्यापासून.
बसवलं तर पडदा निळा.
पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा.
सेफ मोडमधून शिरून सगळं उपटून काढलं तिनं,
तोवर रात्रीचा एक वाजला होता,
आणि सकाळी आठला ओलुओचबाईंच्या मयताची पुस्तिका द्यायची होती:
चोवीस पानं, रंगीत,
सहा मुलं, एकोणीस नातवंडं,
फोटोत कुणी राहून गेलं
तर पुढं दहा वर्षं बोलणं खावं लागतं.

बाप चहा घेऊन आला. ओज्वांग,
सत्तावीस वर्षं मोंबासा ते मलाबा, कंटेनरची गाडी.
"काय झालं?"
"ड्रायव्हर चुकीचा आहे."
म्हातारा कप हातात धरून थबकला,
जणू त्याच्याच नावानं कुणी तक्रार लिहिली होती.

मग समजून घेतलं त्यानं, जेवढं समजलं तेवढं.
"नाकुरूच्या पुढं एकदा," तो म्हणाला,
"यार्डात दोन गाड्या होत्या. रंग एक, कंपनी एक, मॉडेल एक.
मी हसत चढलो. गिअरपेटी निराळी निघाली.
कळलं कधी, तर अर्ध्या उतारावर.
नावात काय चाटायचंय?
चासी नंबर बघितलास का?"

"बोर्डाला चासी नसते, बाबा."

त्यानं चष्मा केव्हाच चढवला होता.
टायर तपासायची जुनी टॉर्च काढली,
तिरपा वाकला उघड्या पेटीवर,
श्वास रोखून, धूळ उडू नये म्हणून.
शेवटच्या खाचेखाली, स्क्रूला चिकटून,
खसखशीएवढी पांढरी अक्षरं:
रेव्ह १.२.

तिनं १.० चा उतरवला होता.
काखेत कळसा, आणि ती
शंभर शिलिंगांचा वळसा घालून आली होती.

उरल्यासुरल्या डेटात मावेल तेवढंच घेतलं.
आधी चिपसेट.
मग नेट, मग आवाज; हा क्रम तिला तोंडपाठ,
पण आज प्रत्येक बटणाआधी ती बापाकडं बघत होती
आणि तो गंभीरपणे मान हलवत होता,
काहीही न कळता.
एक त्रिकोण गेला. दुसरा.
अक्षरं अचानक कातीव झाली.
स्पीकर असा काही किंचाळला
की छपरावरचे आयबिस पहाटेआधीच भांडायला उठले.

पाचवा त्रिकोण मात्र गेला नाही.
अनोळखी तो अनोळखीच.
"राहू दे," ओज्वांग म्हणाला.
"माझ्या गाडीत एक लाल दिवा सतरा वर्षं जळत होता.
कशाचा ते मेकॅनिकलाही ठाऊक नव्हतं.
मलाबाला पोचायचोच की."

साडेतीन वाजले. पहिल्या पानावर
ओलुओचबाई डोक्याला निळं फडकं बांधून हसत होत्या.
अकेयोनं प्रिंटर जोडला.
पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी वर सरकली:
ड्रायव्हर सापडला नाही.

म्हातारा चष्मा पुसू लागला.